दूधसागरच्या वाटेवर

(कौटुंबिक निसर्ग सहलीच्या पूर्वतयारीसाठी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



येत्या डिसेंबरमध्ये येथील अनेक कुटुंबे गोव्यातील दूधसागर धबधबा पाहण्यासाठी निघणार आहेत. सहलीची वर्गणी, निघण्याची वेळ आणि बरोबर घ्यावयाच्या सामानाची यादी हे सर्व संयोजक यथावकाश सांगतीलच. आजच्या भाषणाचा विषय त्याच्या थोडा अलीकडचा आहे. जे पाहावयास जायचे ते नेमके काय आहे, ते पाणी कोठून येते, पुढे कोठे जाते आणि पाहणाऱ्याने तेथे कसे वागावे, एवढ्याच गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत.

प्रारंभ एका लोककथेने करणे उचित ठरेल. घाटमाथ्यावर म्हणे एका राजाचा वाडा होता. त्याची कन्या सख्यांसह अरण्यातील सरोवरावर स्नानाला जात असे आणि स्नान आटोपले की सोन्याच्या कलशातील साखर घातलेले दूध पीत असे. एके दिवशी झाडाआड उभा राहून एक राजपुत्र आपल्याकडे पाहत असल्याचे तिच्या ध्यानी आले. लज्जारक्षणासाठी कलशातील दूध पुढे ओतले गेले, त्या दुधाचा पडदा झाला आणि त्या पडद्याआड राजकन्येने वस्त्रे परिधान केली. तोच हा दूधसागर.

पर्यटनाच्या पुस्तिकांतून ही कथा नावाच्या व्युत्पत्तीपुरती सांगितली जाते. तिच्यातील एक धागा मात्र सहसा कोणी उचलत नाही. या कथेत दूध सांडते ते पाहणाऱ्याच्या चुकीमुळे. जेथे उभे राहू नये तेथे तो उभा राहिला. पाहणाऱ्यालाही मर्यादा असते, हे आपल्या पूर्वजांनी किती साध्या गोष्टीतून सांगून ठेवले आहे! दूधसागरच्या परिसरात अलीकडच्या काही वर्षांत जे घडले ते पाहता ही कथा पुन्हा एकदा नीट ऐकण्याजोगी आहे.

जुलै २०२३ मधील एका रविवारची घटना अनेकांना स्मरत असेल. भर पावसात शेकडो तरुण धबधबा पाहण्यासाठी दक्षिण गोव्यात येऊन थडकले आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत दूधसागरकडे निघाले. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे आणि पूल, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर माणसांची रीघ! रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी त्यांना अडवले आणि कान धरून उठाबशा काढावयास लावल्या. शाळा सोडून कित्येक वर्षे लोटलेले ते युवक रुळांच्या कडेला उठाबशा काढत असल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. लोक हसले आणि विसरलेही. रेल्वेने मात्र गंभीरपणे आवाहन केले की, धबधबा गाडीच्या डब्यातूनच पाहावा, रुळांवर उतरू नये. त्याच महिन्यात गोव्यातीलच नेत्रावळीच्या अरण्यातील मैनापी धबधब्यावर दोन युवक बुडून मृत्युमुखी पडले होते. हसण्यावारी नेण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

आता प्रत्यक्ष धबधब्याकडे वळू. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर दूधसागर आहे. त्याची उंची सुमारे ३१० मीटर. म्हणजे शंभर मजली इमारतीएवढ्या उंचीवरून पाणी खाली येते. मात्र ते एका झेपेत कोसळत नाही. चार टप्प्यांत, कातळाच्या उतरंडीवरून आपटत, फुटत, पसरत ते उतरते. पाण्याच्या दुधाळ रंगाचे कारण यातच आहे. कातळावर आपटताना पाण्याचे असंख्य तुषार होतात, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि त्या कोट्यवधी थेंबांवरून प्रकाशातील सर्व रंग सारखेच परावर्तित होतात. म्हणून डोळ्यांना शुभ्र दिसते. हेच पाणी पायथ्याच्या डोहात स्थिरावले की हिरवट काळे होते. लहान मुले हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांना उत्तर द्यावे, आणि मग राजकन्येची गोष्टही सांगावी. दोहोंत विरोध नाही.

हा प्रदेश कर्कवृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेला, उष्ण कटिबंधात आहे. जून उजाडला की अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर आपला भार रिता करतात. वर्षभरात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो, आणि त्यातील बहुतेक सर्व अवघ्या चार महिन्यांत. माथ्यावरच्या भूगोलाची एक गंमत अशी की, याच बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात म्हादई नदी उगम पावते आणि पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी नावाने समुद्राला मिळते. तर त्याच तालुक्यात कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. एकाच ढगातून पडलेले दोन शेजारी थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातात. दूधसागरच्या वाट्याला आलेला थेंब पश्चिमेचा.

तेथे पोहोचावयाचे कसे? रस्त्याने जाणाऱ्यांसाठी कुळे हे गाव प्रवेशद्वार आहे. परंतु दूधसागरचे नाव ज्यामुळे दूरदूर पोहोचले, तो मार्ग लोखंडी आहे, आणि त्याचा इतिहास जाणून घेतल्यावाचून हा प्रवास अपुरा राहील.

एकोणिसाव्या शतकात मुरगाव बंदराला पाठीमागचा मुलूख हवा होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील दक्षिणेच्या पठाराला जवळचे बंदर हवे होते. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, इंग्रजी भांडवल आणि इंग्रज अभियंते आले, आणि १८८८ साली मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. वर सदर्न मराठा रेल्वेचे रूळ येऊन भिडले होते. दोन परकीय सत्तांनी आपापल्या व्यापारासाठी केलेला हा व्यवहार होता. त्यात सह्याद्रीचा विचार कोणी केला नव्हता, आणि गोव्यातील प्रजेचा त्याहून कमी. तथापि ज्या शेकडो अनाम मजुरांनी या घाटात सुरुंग लावले, बोगदे कोरले, दरीवर पूल उभारले, त्यांच्या श्रमांना कमी लेखता येणार नाही. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. त्यातील चढ एकास सदतीस या प्रमाणातला, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की रूळ एक मीटर वर चढलेला. रेल्वेच्या दृष्टीने ही फार मोठी चढण आहे. म्हणूनच आजही घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. कुळ्याच्या फलाटावर गाडी नेहमीपेक्षा अधिक वेळ का थांबते, याचे उत्तर या इंजिनांच्या जोडणीत आहे.

गोवा मुक्त होण्यापूर्वी हीच वाट सीमारेषा ओलांडत होती. पोटासाठी मुंबई गाठणारा गोमंतकीय कुळ्याला पोर्तुगीजांची आणि कॅसलरॉकला इंग्रजांची जकात तपासणी सोसून, लोंढा, बेळगाव, पुणे करत मुंबईला पोहोचत असे. १९५५ साली सत्याग्रहाच्या काळात हा रेल्वे संपर्क तुटला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा स्वतंत्र झाला तेव्हा दूधसागर पुन्हा अखंड भारताच्या भूमीवरून कोसळू लागला, असे म्हणावयास हरकत नाही. धबधब्याला अर्थात त्याचे सोयरसुतक नव्हते; पण माणसांना होते.

गोवा एक्स्प्रेसने पुण्याहून किंवा मिरजेहून निघालेला प्रवासी याच घाटाने उतरतो. गाडी बोगद्यातून बाहेर येते, वळण घेते आणि अचानक डब्यात गारवा शिरतो. धबधब्याच्या ऐन अंगावरून पूल गेला आहे. पावसाळ्यात तुषार खिडकीतून आत येतात, लोक एकाच बाजूला गर्दी करतात, आणि एवढ्यात गाडी पुढच्या बोगद्यात शिरलेली असते. दर्शन क्षणांचे असते. ज्यांनी पावसाळ्यात जाण्याचे मनात धरले असेल, त्यांनी हे क्षणाचे दर्शन पुरेसे मानावे. दाराच्या पायऱ्यांवर लोंबकळत छायाचित्र काढण्याचा मोह मात्र टाळावा. घरी वाट पाहणाऱ्या माणसांना छायाचित्रापेक्षा माणूस हवा असतो.

आपली सहल डिसेंबरात ठेवली आहे, ती याच कारणाने. जून ते सप्टेंबर कुळ्याहून आत जाणारी जीपची वाट बंद असते, कारण वाटेतील ओढे उतरू देत नाहीत. पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबरात ती खुली होते. कुळ्यापासून दहा-बारा किलोमीटरची ही कच्ची वाट अरण्यातून जाते. जीप प्रवाहाच्या पाण्यातून पलीकडे जाते तेव्हा मुले आनंदाने ओरडतात आणि आयांचे हात आपोआप मुलांच्या दंडाकडे जातात. जीप थांबते तेथून पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून, मुळांवरून पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी घ्यावी. रबरी तळ असलेली पादत्राणे घालावीत. चालताना पुढचा आवाज ऐकत जावे. पाणी दिसण्याच्या पुष्कळ आधी ते ऐकू येते.

ही वाट ज्या अरण्यातून जाते ते भगवान महावीर अभयारण्य. मोले राष्ट्रीय उद्यानासह त्याचे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर असून त्यातील १०७ चौरस किलोमीटरला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अहिंसेचा उद्घोष करणाऱ्या तीर्थंकरांचे नाव एखाद्या अभयारण्याला असावे, यासारखे समर्पक नामकरण क्वचितच आढळेल. गवा, बिबट्या, सांबर, शेकरू, नागराज, धनेश यांचे हे घर आहे. ऐन, किंदळ, जांभा यांसारखे वृक्ष आणि त्यांना बिलगलेल्या जाडजूड वेली वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसतात. चाळीस माणसे गप्पा मारत निघाली तर यातले एकही जनावर दिसणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. दिसतील ती माकडे. डोहाजवळची माकडे वेफर्सची पाकिटे हिसकावण्यात तरबेज झाली आहेत. त्यांना हे कोणी शिकवले? अरण्यात फळे, पाने, किडे खाऊन जगणारा प्राणी प्लास्टिकचे पाकीट फाडावयास शिकतो, तो माणसाच्या दातृत्वामुळे. आपल्याकडे भूतदया ही मोठी गोष्ट मानली जाते, पण वन्य प्राण्याला खाऊ घालणे ही भूतदया नव्हे. त्याने तो धीट होतो, चावतो, आणि अखेर त्याच्यावरच काठी पडते.

या अरण्याचा एक उपकार इतिहासावरही आहे. मोल्याच्या परिसरातच तांबडी सुर्ल येथे महादेवाचे कदंबकालीन पाषाणमंदिर आहे, बाराव्या-तेराव्या शतकातले. गोव्यातील कित्येक देवालये पोर्तुगीज राजवटीत जमीनदोस्त झाली. हे मात्र उरले. घाटाच्या पायथ्याला, दाट वनराईत, सत्तेच्या वाटांपासून दूर असल्यामुळेच ते उरले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वेळापत्रकात बसले तर परतीच्या दिवशी तेथे जावे. नंदी, अंतराळ, गर्भगृह सर्व पाहावे, आणि चोहोबाजूंच्या झाडांकडेही पाहावे. मंदिराच्या तटबंदीचे काम त्या झाडांनी केले आहे.

आता या भाषणातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपण डिसेंबरात जाणार आहोत. पाऊस तर ऑक्टोबरातच थांबलेला असेल. मग डिसेंबरात, जानेवारीत दूधसागर वाहतो कसा? वर कोठे धरण नाही, हिमशिखर नाही. घाटमाथ्यावरून पडलेले पाणी उताराला लागून काही तासांत समुद्राच्या दिशेने निघून जावयास हवे होते. ते थांबते कोठे?

ते थांबते मातीत. पावसाचा थेंब अरण्यावर पडतो तेव्हा प्रथम तो पानांवर अडतो, तेथून फांदीवर, खोडावर, आणि मग जमिनीवर साचलेल्या पालापाचोळ्याच्या थरावर येतो. त्याचा मारा संपलेला असतो. खाली मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी सच्छिद्र केलेली माती असते. ती पाणी शोषते. तेथून ते कातळाच्या भेगांत उतरते आणि पावसाळा संपल्यावर झऱ्यांच्या रूपाने हळूहळू, थेंबाथेंबाने, ओढ्यांत येत राहते. जानेवारीत दूधसागरवरून कोसळणारे पाणी हे पावसाळ्यात पडून अरण्याने सांभाळून ठेवलेले पाणी आहे. घरातील जाणती स्त्री जसे पगाराच्या दिवशी सर्व पैसे खर्च करीत नाही, महिनाअखेरीसाठी डब्यात बाजूला ठेवते, तसा हा व्यवहार आहे. झाडे तोडली, माती उघडी पडली, की पाऊस तेवढाच पडतो. पण जुलैत पूर येतो, पाण्याबरोबर माती वाहून जाते आणि फेब्रुवारीत कातळ कोरडा पडतो. उंची तीच, कातळ तोच, राजकन्येची कथाही तीच. फक्त दूध नसते.

कोकणातील आणि गोव्यातील खेड्यांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. गावाच्या पाण्याच्या मुळाशी देवराई राखायची, तिच्यातील वाळलेली काडीही घरी न्यायची नाही, हा दंडक होता. सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राई हे त्याचे उदाहरण आजही पाहता येते. पाण्यात उभ्या असलेल्या जंगली जायफळाच्या दुर्मिळ वृक्षांचे ते जुने वन देवाच्या धाकाने उरले. धाक म्हणा, श्रद्धा म्हणा. झरा त्यामुळे जिवंत राहिला.

हे पाणी पुढे जाते कोठे, हे बहुतेक पर्यटक विचारीत नाहीत. दूधसागरच्या पायथ्याचा प्रवाह वाटेतील ओढ्यांना सामावून घेत खांडेपार नदी होतो, आणि खांडेपार पुढे मांडवीला मिळते. या खांडेपार नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. तेथून फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांना पाणी जाते. राजधानी पणजी तिसवाडीत आहे. याचा अर्थ असा की, पणजीच्या हॉटेलात सकाळी नळ सोडून तोंड धुणारा आणि मग दूधसागरला जाऊन डोहात रिकामी बाटली भिरकावणारा पर्यटक, स्वतःच्याच तांब्यात बाटली टाकीत असतो. इतकी सरळ ही साखळी आहे.

म्हणूनच या धबधब्याच्या डोक्यावर काय चालले आहे, इकडे जाणत्या नागरिकाचे लक्ष असावयास हवे. कातला आणि पाळणा या दोन ओढ्यांचे पाणी दूधसागरच्या नदीला मिळते. ते पाणी काळी नदीवरील सुपा जलाशयाकडे वळवावे, अशी कर्नाटकाची मागणी होती. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात ती मान्य केली नाही. निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी देण्यात आले, आणि तो निवाडा तिन्ही राज्यांनी पुढे न्यायालयात नेला. पाण्याची गरज प्रत्येकाची खरी आहे. मलप्रभेच्या खोऱ्यातील तहानलेल्या गावांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही, आणि हुबळी-धारवाडचा नागरिकही आपलाच बांधव आहे. मात्र झऱ्याचे मूळच वळवले तर खालच्या अरण्याची, त्यातील प्राण्यांची बाजू कोणत्या वकिलाने मांडावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसरा प्रश्न रेल्वेचा. तिनईघाटपासून वास्कोपर्यंतच्या लोहमार्गाचे दुपदरीकरण करण्याची योजना निघाली. तिचा घाटातील टप्पा याच अभयारण्यातून जातो. रेल्वेचे म्हणणे असे की, बंदराची मालवाहतूक वाढली आहे आणि एकेरी मार्गावर गाड्या खोळंबतात. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, ही मालवाहतूक मुख्यतः कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाची आहे आणि तिच्यासाठी डोंगर पुन्हा फोडावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. रेल्वेच्या जाळ्यातील अत्यंत अकार्यक्षम टप्प्यांपैकी एकाची क्षमता वाढवण्यासाठी इतक्या नाजूक प्रदेशाची हानी करणे समर्थनीय नाही, असा तिचा आशय होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. विशेष म्हणजे हा अहवाल आला त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, दूधसागरजवळच्या घाटात दरड कोसळली आणि एक प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने जीवितहानी टळली. डोंगर आपले म्हणणे प्रतिज्ञापत्रावर देत नाही. तो असे सांगतो.

व्याघ्र प्रकल्पाचा वाद याहून अवघड आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मृतावस्थेत आढळले. गुरे मारली जात असल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने गोव्यातील अभयारण्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अरण्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या वस्त्यांना विस्थापनाची भीती वाटते. ज्यांनी राई राखली त्यांनाच राईबाहेर काढले, असे होता कामा नये. उलट, वाघ गेला तर हरणे आणि डुकरे वाढतात, कोवळे रोप उरत नाही आणि माथ्यावरचे रान विरळ होत जाते, हेही तितकेच खरे आहे. शहरातून एका दिवसासाठी येणाऱ्या माणसाने या वादात घाईने निकाल देऊ नये. त्याने गावकऱ्यांशी दोन शब्द बोलावे.

कुळ्याच्या माणसांविषयी म्हणूनच काही सांगितले पाहिजे. धारबांदोडा आणि सांगे या भागांतील अनेक घरे एके काळी लोहखनिजाच्या ट्रकवर चालत होती. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. कुळ्यातील कुटुंबांना तेव्हा दूधसागरच्या जीपचा आधार झाला. हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. त्यातही गर्दीचे दिवस थोडे. तेव्हा जीपच्या भाड्यावरून घासाघीस करताना, चालक 'आता निघू या' म्हणाला असता 'आणखी अर्धा तास' असा हट्ट धरताना, त्याचे पुढचे भाडे बुडत आहे हे लक्षात ठेवावे. तो 'पाण्यात उतरू नका' म्हणाला तर उतरू नये. त्याने ती नदी बारा महिने पाहिलेली आहे.

पाण्यात उतरण्याविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण येथे अनेक माता बसल्या आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला, भुशी धरणाच्या मागील धबधब्यात, एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते क्षणभरापूर्वी उथळ पाण्यात उभे होते. असे का होते? धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला वरच्या पठारावरचा पाऊस दिसत नाही. खाली ऊन असते, आणि वर कोसळलेल्या सरीचे पाणी कातळावरून काही मिनिटांत खाली पोहोचते. पाणी गढूळ झाले, त्यात काटक्या आणि पाला येऊ लागला, आवाज वाढला, की एका शब्दाचाही वाद न घालता काठावर यावे. डिसेंबरात हा धोका कमी असतो, परंतु डोहाचा धोका बारमाही आहे. काठाशी गुडघाभर असलेले पाणी दोन पावलांवर पुरुषभर खोल होते, तळाचे धोंडे शेवाळलेले असतात आणि कोसळत्या धारेजवळ पाणी खाली ओढते. तेथे लाइफ जॅकेट घातल्यावाचून पाण्यात जाऊ देत नाहीत. पोहता येणाऱ्यांनीही ते घालावे. धाकटे भाऊ थोरल्यांकडे पाहून शिकतात. मद्य घेऊन येणारे टोळके आढळले तर त्यांच्याशी हुज्जत न घालता वन कर्मचाऱ्यांना कळवावे.

जेवणाविषयी एवढेच, की डबे घरचे घ्यावेत आणि ते कुळ्याला परत आल्यावर उघडावेत. दशम्या, चटणी, केळी यांना वेष्टन लागत नाही. साबण आणि शाम्पू बरोबर घेऊ नयेत. बालवर्गाने तेथे गोळा करावयाचेच असेल तर दगड, पाने, फुलपाखरे गोळा न करता आवाज गोळा करावेत. पहाटे पर्वत कस्तूर पक्षी ओढ्याकाठी शीळ घालतो, ती एखाद्या मुलाने हुबेहूब वाजवून दाखवली तर परतीच्या गाडीत त्याचे कौतुक होईल.

सहलीच्या आखणीत एक छोटी भर सुचवावीशी वाटते. परतताना फोंड्याच्या अलीकडे खांडेपारच्या पुलाजवळ गाडी पाच-दहा मिनिटे थांबवावी. गावाजवळ कातळात कोरलेल्या प्राचीन लेण्यांचा एक लहानसा समूह आहे. वेळ असेल तर तोही पाहावा. पण मुख्यतः नदीच्या काठाशी उभे राहावे. तेथे गर्जना नसेल, तुषार नसतील, छायाचित्र काढण्याजोगेही विशेष काही नसेल. दोन्ही काठांच्या झाडांमधून, फारसा आवाज न करता जाणारे मळकट हिरवे पाणी असेल. सकाळी शुभ्र पाहिलेले पाणी ते हेच. संध्याकाळपर्यंत ते ओप्याला पोहोचलेले असेल.